सदतीस घोड्यांची मोजणी

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. मलाही ते वाटले होते. दहावीनंतर विज्ञानाला रामराम ठोकला तेव्हा गती, बल, ऊर्जा हे शब्द पुन्हा भेटणार नाहीत अशी माझी समजूत होती. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामांच्या गावी असा प्रसंग आला, की हे तिन्ही शब्द घरच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहिले आणि त्यांच्याशी बोलल्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मामांचे गाव शिरोळ तालुक्यात. त्यांच्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे. ही गाडी १९८३ साली बाजारात आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. पण आपल्याकडच्या खेड्यांतून ती अजूनही दिसते. मामांच्या गाडीचे पासिंग दर पाच वर्षांनी होते. आजीला दवाखान्यात नेण्यापासून रोपवाटिकेतली रोपे आणण्यापर्यंत सारी कामे तीच करते. पावसाळा संपल्यापासून मात्र मामांची एकच तक्रार होती, "गाडी वढंना झालीया." तालुक्याच्या गावच्या मिस्त्रींनी एक फेरी मारून पाहिली आणि निदान सांगितले, "मामा, इंजिन बसलंय. काम काढावं लागणार." खर्चाचा अंदाज तीस हजार रुपये. घरात तीस हजार होते, पण ते मामेबहिणीच्या वसतिगृहाच्या फीसाठी बाजूला काढलेले होते.

इंजिन खरोखर बसले असेल तर खर्च टळणार नव्हता. पण ते बसले आहे हे कशावरून ठरवायचे? वाहनासोबतच्या जुन्या पुस्तिकेत इंजिनाची ताकद ३७ अश्वशक्ती अशी दिलेली होती. त्या सदतीसांपैकी आज किती शिल्लक आहेत, हे घरच्या घरी मोजता येईल का? मामांनी हा प्रश्न थट्टेने विचारला, "मोज की मग घोडं! कालेजात जातोयस न्हवं?" मी तो गंभीरपणे घेतला. ही मोजणी कशी केली आणि तीतून काय निष्पन्न झाले, ते या लेखात सांगायचे आहे.

घोडा म्हणजे किती?

प्रथम 'अश्वशक्ती' या शब्दाचा अर्थ पाहू. अठराव्या शतकात जेम्स वॉट याने वाफेचे इंजिन सुधारले. ते विकताना त्याच्यापुढे अडचण अशी होती, की गिऱ्हाइकांना घोड्यांचीच सवय होती. हे यंत्र किती घोड्यांचे काम करील, हाच त्यांचा प्रश्न असे. म्हणून वॉटने घोड्याच्या कामाचे एक माप ठरवून टाकले : एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. मेट्रिक पद्धतीत हेच माप थोड्या फरकाने असे सांगतात, की ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलले की एक अश्वशक्ती झाली. पुढे वॉटचेच नाव शक्तीच्या एककाला मिळाले. मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७३५ वॉट.

या व्याख्येत तीनच गोष्टी आहेत : वजन, उंची आणि वेळ. पैकी वेळ ही सर्वांत महत्त्वाची. आपल्या आजोबांच्या काळी विहिरीवर मोट चालत असे. समजा, मोटेत दीडशे लिटर पाणी मावते, विहीर दहा मीटर खोल आहे आणि बैलजोडीला एक मोट वर आणायला चाळीस सेकंद लागतात. दीडशे गुणिले दहा म्हणजे दीड हजार. त्याला चाळीसने भागले तर साडेसदतीस. आणि त्याला ७५ ने भागले तर बरोबर अर्धी अश्वशक्ती. तेच पाणी एक माणूसही दिवसभरात बादलीबादलीने वर काढील. काम तितकेच झाले, पण वेळ जास्त लागला, म्हणून शक्ती कमी. काम किती झाले यापेक्षा ते किती वेळात झाले, हे शक्ती सांगते.

वाचकांना हा प्रयोग महाविद्यालयाच्या जिन्यातही करता येईल. साठ किलो वजनाचा विद्यार्थी सात मीटर उंचीवरच्या ग्रंथालयात चौदा सेकंदांत चढला, तर साठ गुणिले सात भागिले चौदा म्हणजे तीस, आणि भागिले ७५ म्हणजे ०.४ अश्वशक्ती. परीक्षेच्या आदल्या दिवशी हा आकडा वाढलेला आढळेल!

उद्यमनगरातली दोरी

व्याख्या समजली, पण इंजिन काही जिना चढत नाही. तेव्हा कोल्हापूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांना फोन लावला. काकांची उमेद सारी शिवाजी उद्यमनगरात ऑईल इंजिनांच्या कामात गेली. कोल्हापूरचे नाव आपण तालीम, गूळ आणि चित्रपट यांच्याशी जोडतो, पण ओतकाम आणि इंजिने यांच्याशीही ते तितकेच जोडलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि इकडे कोल्हापुरात लहान लहान कारखान्यांतून मिस्त्री लोकांनी भट्ट्या पेटवून इंजिनाचे सुटे भाग आणि इंजिने घडवली. मोटेच्या जागी पंप आला आणि गुऱ्हाळाच्या चरक्याला बैलांऐवजी इंजिनाचा पट्टा लागला, तो याच इंजिनांमुळे.

आता पाच अश्वशक्तीचे म्हणून विकलेले इंजिन खरोखर पाच अश्वशक्तीचे आहे हे कसे पाहत? काकांनी सांगितलेली युक्ती इतकी साधी आहे, की ऐकून मी थक्क झालो. इंजिनाच्या फिरत्या चाकाभोवती एक जाड दोर गुंडाळायचा. दोराच्या एका टोकाला वजने टांगायची आणि दुसरे टोक स्प्रिंगच्या तराजूला अडकवायचे. चाक दोराला घासत फिरते, म्हणजे एका परीने ते टांगलेले वजन सतत उचलत असते; फक्त वजन जागचे हलत नाही. घर्षणाने चाक तापते म्हणून त्यावर पाणी सोडायचे. याला दोरीचा ब्रेक म्हणतात. घर्षणाने इंजिनाची ताकद मोजण्याची मूळ कल्पना फ्रान्सच्या प्रोनी या अभियंत्याची, १८२१ सालची.

उदाहरण घेऊ. चाकाचा व्यास अर्धा मीटर, म्हणजे परीघ सुमारे १.५७ मीटर. टांगलेले वजन २५ किलो, तराजूवर ३ किलो. म्हणजे दोराची खरी ओढ २२ किलो. चाकाचे मिनिटाला ६५० फेरे, म्हणजे सेकंदाला १०.८३. सेकंदाला चाकाचा काठ १.५७ गुणिले १०.८३ म्हणजे १७ मीटर धावतो. बावीस गुणिले सतरा म्हणजे ३७४. त्याला ७५ ने भागले की झाली पाच अश्वशक्ती. दोर, वजने, तराजू आणि घड्याळ. याहून अधिक साहित्य नाही.

"पण काका, गाडीच्या इंजिनाला दोर कुठे बांधायचा?" मी विचारले. काका हसून म्हणाले, "बांधायचाच कशाला? गाडीचं वजन हाच ब्रेक. मोकळ्या रस्त्यावर तिला पळव आणि घड्याळ बघ."

गाडीचे वजन हाच ब्रेक

काकांच्या बोलण्याचा अर्थ असा. उभी गाडी पळू लागली की तिच्यात ऊर्जा साठते. तिला गतिज ऊर्जा म्हणतात. ही ऊर्जा आली कोठून? इंजिनाकडून. तेव्हा अमुक वेगापासून तमुक वेगापर्यंत जाताना गाडीत किती ऊर्जा साठली आणि त्यास किती सेकंद लागले, हे कळले की इंजिनाची शक्ती कळलीच. वर मोटेच्या उदाहरणात आपण पाणी उंचावर चढवले, येथे गाडी 'वेगावर चढवायची' एवढाच फरक.

गतिज ऊर्जेचे सूत्र सोपे आहे : वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचे. वजन किलोत आणि वेग सेकंदाला किती मीटर असा घेतला, की उत्तर ज्यूलमध्ये येते. एका सेकंदात एक ज्यूल म्हणजे एक वॉट. आमच्या प्रयोगासाठी मी ताशी ३६ आणि ताशी ५४ किलोमीटर हे दोन वेग निवडले. कारण ते म्हणजे नेमके सेकंदाला १० मीटर आणि १५ मीटर. शिवाय या मर्यादेत दुसऱ्या गिअरमध्ये हे इंजिन आपल्या पूर्ण ताकदीच्या जवळपास फिरते, आणि वेग ताशी साठच्या आतच राहतो. ज्यांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी ही शेवटची गोष्ट विसरू नये. ताकद मोजायला भरधाव जाण्याची गरज नसते.

काट्याची परीक्षा

वजन, वेग आणि वेळ अशा तीन गोष्टी मोजायच्या होत्या. पैकी वजन सर्वांत सोपे. गळीत हंगाम सुरू व्हायला थोडे दिवस होते, त्यामुळे रस्त्यावरचा वजनकाटा मोकळाच होता. मामा आणि मी आत बसूनच गाडी काट्यावर घातली. चिठ्ठी आली : ८०० किलो. आपल्या भागात उसाच्या काट्यावरून किती वाद झाले आहेत हे सांगणे न लगे. म्हणून मामांनी दुसऱ्या एका काट्यावरही गाडी घालायला लावली. तेथे दहा किलोंचा फरक पडला. आठशेमध्ये दहा म्हणजे सव्वा टक्का. आमच्या कामापुरते ते पुरेसे होते.

वेगाचे मात्र तसे नव्हते. गाडीच्या तबकडीवरचा काटा खरे बोलतो की नाही, हे कोणी तपासून पाहत नाही. आम्ही ते तपासले. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांपाशी मामांनी काटा ४० वर स्थिर धरला आणि मी एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंतचा वेळ मोजला. ताशी ४० किलोमीटर खरे असते तर ९० सेकंद लागले असते. लागले ९७. म्हणजे खरा वेग ताशी ३७ किलोमीटरच होता. काटा तीन किलोमीटर वाढवून सांगत होता.

ही चूक लहान दिसते, पण ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग असतो. त्यामुळे वेगात सात-आठ टक्क्यांची चूक झाली की ऊर्जेत पंधरा-सोळा टक्क्यांची होते. काट्यावर विश्वास ठेवला असता, तर इंजिनाला सहाएक घोडे फुकटचे मिळाले असते! हिशेबाने खरे ३६ म्हणजे काट्यावर ३९ आणि खरे ५४ म्हणजे काट्यावर ५८ असे आले. त्या दोन जागी तबकडीच्या काचेवर कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या.

राहिला वेळ. अंदाजाप्रमाणे दोन पट्ट्यांमधले अंतर काटा तीनेक सेकंदांत कापणार होता. हाताने घड्याळ दाबायचे तर दाबताना पाव सेकंद इकडेतिकडे होणारच. म्हणून मोबाईलचा उपयोग केला. तबकडीच्या अगदी समोर मोबाईल धरून चित्रण करायचे आणि नंतर ते सावकाश चालवून पाहायचे. चित्रणात सेकंदाला तीस चित्रे असतात, त्यामुळे काटा पट्टीवर केव्हा आला हे सेकंदाच्या अंशापर्यंत कळते. मोबाईल तिरपा धरला तर काटा भलत्याच जागी दिसतो, एवढे लक्षात ठेवावे.

प्रत्यक्ष मोजणी

लक्ष्मीपूजनानंतरच्या दिवशी पहाटे, उजाडताच आम्ही गावाबाहेरच्या सरळ, सपाट रस्त्यावर गेलो. दोन्ही बाजूंना उभा ऊस, वारा जवळजवळ नाही, रहदारी नाही. रस्त्याच्या दोन्ही टोकांना घरची माणसे उभी केली. कोणी येताना दिसले की त्यांनी हात वर करायचा आणि आम्ही थांबायचे. गाडी चालवण्याचे काम मामांचे, चित्रणाचे माझे. टायरांतील हवा आदल्या दिवशीच भरून घेतली होती आणि इंजिन आधी वीस मिनिटे चालवून गरम केले होते.

दुसरा गिअर टाकून ताशी तीसच्या आसपास वेग धरायचा आणि मग पाय पूर्ण दाबायचा. काटा पहिली पट्टी ओलांडून दुसरीवर पोहोचला की पाय काढायचा. असे चार वेळा जाताना आणि चार वेळा येताना केले. दोन्ही दिशांना करण्याचे कारण असे, की डोळ्याला सपाट दिसणारा रस्ता सपाट असतोच असे नाही. जाताना सरासरी ३.० सेकंद लागले, येताना ३.४. म्हणजे रस्त्याला सूक्ष्म उतार होता. दोहोंची सरासरी ३.२ सेकंद.

आता ऊर्जा पाहू. पंधराचा वर्ग २२५, दहाचा वर्ग १००, फरक १२५. आठशेचे निम्मे ४००. चारशे गुणिले १२५ म्हणजे ५०,००० ज्यूल. परंतु इंजिनाला केवळ गाडी पुढे ढकलायची नसते. चाके, दांडे आणि स्वतःचे जड फिरते चाक यांनाही अधिक वेगाने फिरवायचे असते. दुसऱ्या गिअरमध्ये त्यासाठी अदमासे दहा टक्के अधिक धरतात. म्हणजे ५५,००० ज्यूल. त्याला ३.२ ने भागले तर सुमारे १७,२०० वॉट. अश्वशक्तीत सांगायचे तर अवघी साडेतेवीस.

मामांचा चेहरा उतरला. सदतीसांतले साडेतेवीस! मिस्त्रींचे म्हणणे खरे ठरत होते. पण हिशेब अजून पुरा झाला नव्हता.

मोकळी सोडलेली गाडी

इंजिनाने दिलेली सारी ताकद गाडीला वेग देण्यात जात नाही. काही हवेशी झुंजण्यात जाते, काही टायर रस्त्यावर लोळवण्यात जाते. ही वाटेतली गळती मोजल्यावाचून इंजिनाला दोष देणे अन्यायाचे. कालव्याच्या टोकाला पाणी कमी आले, तर धरण आटले असे म्हणण्यापूर्वी पाट कोठे फुटला आहे का ते पाहावे लागते, तसेच हे.

गळती मोजण्याची रीतही काकांनीच सांगितली होती. गाडी साठच्या आत वेगावर न्यायची, गिअर न्यूट्रल करायचा आणि तिला मोकळी सोडायची. इंजिन मात्र बंद करायचे नाही आणि किल्लीला हात लावायचा नाही. तसे केल्यास ब्रेक जड होतात आणि सुकाणू अडकण्याचा धोका असतो. वेग आपोआप ५४ वरून ३६ वर उतरायला किती सेकंद लागतात, ते मोजायचे. जितका वेळ कमी, तितकी गळती जास्त.

काकांच्या सांगण्याप्रमाणे अशा लहान गाडीला वीस-पंचवीस सेकंद लागायला हवेत. आम्हाला जाताना १२ आणि येताना १० सेकंद लागले. सरासरी ११! जणू कोणी मागून दोर बांधून गाडी ओढून धरत होते.

हिशेब असा. तेच ५०,००० ज्यूल, आणि न्यूट्रलमध्ये फक्त चाके फिरत असल्यामुळे थोडे अधिक, म्हणजे ५२,००० धरू. भागिले ११ म्हणजे सुमारे ४,७०० वॉट. साडेसहा अश्वशक्ती वाटेतच गडप होत होती. ती मिळवली म्हणजे इंजिनाकडून चाकांपर्यंत पोहोचलेली एकूण ताकद १७,२०० अधिक ४,७०० म्हणजे २१,९०० वॉट, सुमारे तीस अश्वशक्ती झाली. याशिवाय गिअर आणि दांड्यांमध्येच बारा टक्क्यांच्या आसपास ताकद खर्ची पडते. ती धरली तर इंजिनाची स्वतःची ताकद चौतीस अश्वशक्ती भरते.

पुस्तिकेतले सदतीस आणि आमचे चौतीस, यांतला फरक समजायलाही अडचण नाही. कंपन्यांचे आकडे बहुधा समुद्रसपाटीजवळच्या हवेत धरलेले असतात. आपला कोल्हापूरचा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. येथे हवा पाच टक्क्यांनी विरळ असते, आणि जितकी हवा कमी आत जाईल तितके पेट्रोल कमी जळते. म्हणजे ही गाडी कोरी करकरीत असतानाही आपल्याकडे तिची ताकद पस्तीसच्या आसपासच भरली असती. पंचवीसहून अधिक वर्षे राबून तिने फार तर एखादा घोडा गमावला होता.

दोष कोणाचा?

आम्ही गाडी सावलीत उभी केली आणि मामांनी चाकांना हात लावून पाहिला. पुढची दोन्ही चाके आणि मागचे उजवे चाक कोमट होते. मागचे डावे चाक मात्र इतके तापले होते, की हात ठेववेना. जॅक लावून चाके एकेक करून उचलली. बाकीची हाताने सहज फिरली. मागचे डावे हलेना. मग मामांच्या ध्यानात आले : पावसाळ्यात दोन महिने गाडी गोठ्याशेजारी हँडब्रेक ओढून उभी होती. पाण्याने हँडब्रेकची तार गंजली आणि ब्रेक-शू चाकाला चिकटून राहिले. तक्रार पावसाळ्यानंतरच का सुरू झाली, याचेही उत्तर मिळाले.

आता काकांची दोरी आठवा. उद्यमनगरात इंजिनाच्या चाकाला मुद्दाम दोर गुंडाळून ताकद मोजत. मामांच्या गाडीच्या चाकाला नकळत तसाच एक दोर गुंडाळला गेला होता, आणि तो कोणी मोजलाच नव्हता. त्याची ओढ किती होती, तेही काढता येते. ती सुमारे १९ किलो भरली. आठशे किलोच्या गाडीला एवढी ओढ म्हणजे प्रत्येक सपाट रस्ता सुमारे बेचाळीस मीटरला एक मीटर चढाचा झाला होता. मामा सपाट शिरोळ तालुक्यात अखंड चढावर गाडी चालवत होते!

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा त्याच मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींविषयी एक गोष्ट आवर्जून लिहिली पाहिजे. आमच्या वहीतले आकडे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चाक उचलून स्वतः फिरवून पाहिले आणि म्हणाले, "खरंय. आधी ह्येच बघाय पायजे हुतं. माझंच चुकलं." तार बदलली, शू साफ केले. बाराशे रुपये झाले.

त्यानंतर त्याच रस्त्यावर आम्ही पुन्हा मोजणी केली. मोकळी सोडलेली गाडी आता ५४ वरून ३६ वर यायला २२ सेकंद घेऊ लागली. म्हणजे गळती ४,७०० वॉटवरून सुमारे २,४०० वर आली. आणि दुसऱ्या गिअरमध्ये ३६ वरून ५४ वर जायला ३.२ ऐवजी २.८ सेकंद. म्हणजे १९,६०० वॉट. दोहोंची बेरीज २२,०००. दुरुस्तीपूर्वी हीच बेरीज २१,९०० होती! इंजिनाला कोणी हातही लावला नव्हता, आणि आमच्या हिशेबानेही तेच सांगितले. मला वाटते, या सबंध प्रयोगात याहून आनंदाचा क्षण नव्हता. केवळ पैसे वाचले म्हणून नव्हे, तर गणिताने साक्ष दिली म्हणून.

या मोजणीच्या मर्यादा

आमचे आकडे तंतोतंत आहेत असा दावा मी करणार नाही. फिरत्या भागांसाठी धरलेले दहा टक्के आणि गिअरमधले बारा टक्के हे अंदाज आहेत. वारा, रस्त्याचा उतार आणि वेगाचा काटा यांत थोडीफार चूक राहतेच. सारे मिळून आमच्या चौतीसमध्ये तीन-चार घोड्यांची कमीजास्त चूक असू शकेल. मोठ्या शहरांत गाडीची चाके रोळांवर फिरवून ताकद मोजणारी यंत्रे असतात; त्यांच्याशी आमची बरोबरी नाही.

पण प्रश्न काय होता, हे पाहिले पाहिजे. इंजिनाची ताकद चौतीस की छत्तीस, असा तो नव्हता. इंजिन बसले आहे की नाही, असा होता. त्या प्रश्नाला एवढी मोजणी पुरेशी होती. आणि निव्वळ अंदाज वगळायचे असतील तर वाचकांनी एवढेच करावे : गाडी चांगली चालत असतानाच एकदा दोन्ही वेळा मोजून वहीत लिहून ठेवाव्यात. पुढे कधी शंका आली, तर त्याच रस्त्यावर, तितक्याच वजनाने पुन्हा मोजाव्यात. मग टक्केवारीच्या अंदाजांची गरज राहत नाही. गाडीची तुलना तिच्या स्वतःशीच होते. पहिली वेळ वाढली आणि दुसरी तशीच राहिली, तर दोष इंजिनाकडे किंवा क्लचकडे. दुसरी वेळ घटली, तर दोष चाकांकडे. घड्याळ एवढे स्पष्ट बोलते.

आम्हाला लागलेले साहित्य असे : वजनकाट्याची चिठ्ठी, कागदाच्या दोन पट्ट्या, घरातला मोबाईल, एक वही आणि थोडे पेट्रोल. सारे मिळून तीनशे रुपयांच्या आत.

कला शाखेत आपण शब्दांचे अर्थ शोधतो. कोणी काही विधान केले की ते कशाच्या आधारावर, असे विचारायला आपल्याला शिकवले जाते. इतिहासात आपण पुरावा मागतो, अर्थशास्त्रात आकडे मागतो. मग "इंजिन बसलंय" हेही एक विधानच नाही काय? जाणत्या माणसाचा अनुभव मोलाचा असतो, हे मी काकांकडूनच शिकलो. पण अनुभवाला मापाची जोड मिळाली तर तो अधिक खरा होतो, आणि माप घेण्याचा अधिकार कोणा एकाच्या मालकीचा नसतो. दहावीत ज्या सूत्राला मी रामराम ठोकला, ते माझी वाट पाहत शिरोळच्या रस्त्यावर उभे होते.

मामेबहिणीची फी वेळेवर भरली गेली. परवा मामा आजीला घेऊन पन्हाळ्याला जाऊन आले. तेथून फोनवर त्यांनी सांगितलेले शब्द असे : "समदं घोडं जाग्यावर हायती बघ."